मापटे जाऊन काटा आला, त्याची हकीकत

॥ श्री ॥ अन्नपूर्णा प्रसन्न असो आणि वाचणाराचे पोट भरलेले असो. शके सतराशे नव्याण्णव, ईश्वरनाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी भट्टीखान्यात जो प्रकार गुदरला तो जैसा कानी आला तैसा लिहिला आहे, पदरचे काही घातले नाही, आणि घातले असेल तर चवीपुरते. राज्य कोणते म्हणोन विचारू नये. ते राज्य मोठे नव्हते आणि तेथे कोणाचा कोणावर विश्वास नव्हता, इतके सांगितले म्हणजे पुरे.

त्या दौलतीचे धनी श्रीमंत सरकार. बुद्धी तल्लख, हात सढळ, परंतु मन महासंशयी. पानात लिंबाची फोड मोठी दिसली तर आज कोणाचे काय काम अडले आहे म्हणोन पुसावे, आणि लहान दिसली तर उरलेले लिंबू कोणी गिळले म्हणोन पुसावे. ऐशा सरकारांस टोपीकरांच्या केकाची गोडी लागली होती. मैदा, साखर, तूप, दही कालवून भट्टीत भाजावे आणि ते फुगून वर यावे, त्यास केक म्हणत. वाढदिवशी तो दरबारात यावा, खाशांनी सुरी लावावी, मग मानकऱ्यांस तुकडे द्यावेत, ऐसा शिरस्ता पडला होता. परंतु एके साली केक कापसासारखा यावा आणि दुसऱ्या साली तोच केक ऐसा यावा की सुरीने हार मानावी आणि मानकऱ्यांनी दात सांभाळावेत. मग सरकारांच्या मनाने घेतले की यात फितूर आहे. भट्टी सांभाळणाऱ्या बयजाबाईंस बोलाविले, तेव्हा ती बाई फटकळ, ती पदर खोचून बोलती झाली की, “माझ्याकडे कोठीतून जे परातीत येतं ते मी भाजते, सरकार. दर खेपेला निराळं आलं तर माझ्या भट्टीनं काय करावं? माप ज्याच्या हाती त्याला पुसा.”

आता माप कोणाच्या हाती, तर सुभानजी मापाडी याच्या. कोठीतील धान्य, पीठ, साखर मोजून देण्याचे वतन त्याच्या घराण्यात बापजाद्यापासून चालत आले होते. पितळेचे एक मापटे, हातांनी घासून घासून गुळगुळीत झालेले, ते मोडले किंवा काढून घेतले तर वतन गेले, ऐसी सनद होती. हा गृहस्थ पन्नाशीचा, अंगाने वाळका, बोलणे थोडके. बायको मागेच निवर्तलेली, घरी सगुणा नावाची लेक, तिचे लग्न ठरावयाचे होते, आणि वतनदाराची लेक म्हणोन चार स्थळे दारी येत होती. माप चालू असता कोठीचे दार लावून घ्यावे, परक्याची नजर राशीवर पडू देऊ नये, ही त्याच्या बापाची शिकवण. त्यामुळे सुभानजी आत काय करतो, कैसा मोजतो, हे दरबारात कोणी पाहिले नव्हते आणि ऐकलेही नव्हते. बंद दारामागे जे चालते त्याविषयी लोक काय बोलतात हे सांगावयास नकोच.

तो बंदरावरून नारोशेट म्हणोन एक असामी आली. पितळेचा काटा, दोन पारडी आणि वजनांची पेटी घेऊन दरबारात उभी राहिली आणि मुजरा करून विनंती करती झाली की, “सरकार, दोष भट्टीचा नाही आणि फितुराचाही नाही, दोष मापट्याचा आहे. तोच मैदा चाळून भरला तर हलका भरतो, ठोकून भरला तर जड भरतो, आणि मापटं दोघांनाही मापटंच म्हणतं. काट्याला असली गफलत ठाऊक नाही. सगळी मापं वजनात करून घ्या, केक दर साली सारखा येईल.” सरकार पुसते झाले, “काटा कोणाचा?” नारोशेट म्हणाले, “माझाच, सरकार.” “मग तो तुझ्याच बाजूनं बोलणार,” ऐसे सरकार वदले, आणि सुभानजी दाराशी उभा होता, त्याचे काळीज थाऱ्यावर आले. त्यास वाटले, धन्याने शेटजीस बरोबर जोखले.

परंतु सरकारांस संशय जितका काट्याचा तितकाच मापट्याचा, म्हणोन परीक्षा ठरली. नारोशेटांनी मापटे आपल्या हाती घेतले, आणि परक्याचा हात मापट्यास लागलेला पाहून सुभानजीच्या अंगाचा तिळपापड झाला. मग शेटजींनी पोत्याच्या तळातला दबलेला मैदा भरला आणि काट्यात घातला, आणि म्हणाले, “तीनशे ग्राम.” मग तोच मैदा चाळून भरला आणि म्हणाले, “सव्वादोनशे ग्राम.” हे ऐकताच सरकार गादीवरून उठले. “आमच्या मुलखात अवघी शंभर गावं नाहीत, आणि तू मैद्याला तीनशे ग्राम बहाल करतोस? कोणाची गावं वाटतो आहेस?” नारोशेट हात जोडून म्हणाले, “सरकार, ग्राम म्हणजे गाव नव्हे. ग्राम हे वजन.” “वजन तर गावाला असतंच,” ऐसे म्हणोन सरकार खाली बसले, परंतु एक कारकून सीमेवर पाठवून सर्व गावे जागच्या जागी आहेत की नाहीत याची खातरजमा करविली, तेव्हा कोठे परीक्षा पुढे चालली.

इकडे सुभानजी काट्याकडे टक लावून पाहत होता. तेच मापटे, तोच मैदा, आणि काटा दोन तोंडांनी बोलला. त्याने ठरविले की काट्यात चेटूक आहे, नाही तर शेटजींची करंगळी पारड्याखाली आहे. म्हणोन पुढे होऊन पारडे खालून चाचपले, मग काट्यावर फुंकर घातली, मग डोईचे पागोटे सोडून पारड्यात ठेविले आणि वजन करविले, आणि तेच पागोटे गुंडाळून, मग पुन्हा सैल पसरून वजन करविले. दरबारी हसू लागले. पागोटे गुंडाळले तरी तितकेच भरले आणि पसरले तरी तितकेच भरले. सुभानजी पागोटे बांधीत मागे सरला, कारण डोळ्यांनी पाहिलेले नाकारावे ऐसा तो माणूस नव्हता. तरीपण शेटजींवरचा संशय त्याने सोडिला नाही. काटा खरा असेल, माणूस खरा कशावरून?

मग हुकूम झाला की येत्या वाढदिवसाचा केक वजनाने करावा. नारोशेटांनी चाळलेला मैदा, साखर, तूप, दही यांचे एकेक मापटे जोखून वजन काढून ठेविले. आता केकात कोणता जिन्नस किती मापटी पडतो हे मात्र सुभानजीच्या जिभेवरच होते, ते त्याने मोजून दाखवावे आणि शेटजींनी वजनात फिरवावे ऐसे ठरले. परंतु दोघे समोरासमोर बसले तर डोळ्यांनी संगनमत करतील, हा सरकारांस नवा संशय आला. म्हणोन मधोमध जाड कनात बांधविली. एका बाजूस सुभानजी आणि जिन्नस, दुसऱ्या बाजूस नारोशेट आणि काटा. ह्याने मोजावे आणि मोठ्याने पुकारावे, त्याने ऐकावे आणि जे कानी पडेल तितकेच वजन करावे, आपली अक्कल पदरची घालू नये. मोजून झाले की कनातीअलीकडचा जिन्नस पुन्हा कोठीत रिता करावा, कोणी हात मारू नये. संशयी माणसाचा बंदोबस्त ऐसा असतो की त्यात मुंगी शिरत नाही आणि शहाणपणही शिरत नाही.

सुभानजीने मापटे कपाळास लाविले. मग मैदा भरला, काठावरून तळहात फिरविला, परातीत ओतला आणि पुकारले, “लाभ!” पुन्हा भरला, ओतला आणि पुकारले, “दोन!” मग साखर भरली, खळखळ ओतली आणि पुकारले, “लाभ!” मग तूप आणि दही, त्यांस “अर्धं, अर्धं” ऐसे पुकारले, आणि मापटे पालथे घालून हात जोडले. त्याच्या लेखी सर्व चोख झाले.

कनातीपलीकडे नारोशेटांचे डोळे बारीक झाले. बंदरावर सगळा व्यवहार काट्याचा, धान्य मापाने मोजताना त्यांनी जन्मात ऐकले नव्हते. ते मनाशी म्हणाले, हा पहिले मापटे भरतो आणि लाभ म्हणतो. लाभ म्हणजे नफा. म्हणजे पहिले मापटे ह्याचे स्वतःचे! ते बाजूस काढतो, मग दुसरे मापटे भट्टीस देतो आणि दोन म्हणोन पुकारतो. आणि साखर? साखरेचे तर एकच मापटे भरले, तेही लाभ! अरे चोरा, भर दरबारात ओरडून चोरी करतोस! शेटजींस वाटले, आता बोललो तर हा साळसूद चेहरा करील, त्यापेक्षा हुकुमाप्रमाणे जे कानी पडले तेच वजन करावे आणि केकालाच साक्ष देऊ द्यावी. म्हणोन मैदा दोन मापट्यांच्या जागी एकाच मापट्याच्या वजनाचा, तूप व दही अर्ध्या अर्ध्या मापट्याचे, आणि साखर काहीच नाही, ऐसे जोखून भट्टीखान्यात रवाना केले.

बयजाबाईंनी परात पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. “अगं बाई! ही साखर कुठं आहे? आणि मैदा म्हणता तो हा? तीट लावायला तरी पुरेल का?” परंतु दाराशी शिपाई उभा होता, आणि भट्टीवालीने पदरची चिमूटभरही घालू नये ऐसा त्यास सक्त हुकूम. “होऊ दे मग व्हायचं ते,” म्हणोन बाईंनी कालविले आणि भट्टीत सारले, आणि वाढदिवशी जे दरबारात आले त्यास केक म्हणावयाची कोणाची छाती झाली नाही. तुपात बुडालेला आंबट लगदा, ताटात पसरलेला. सरकारांनी बोट लाविले, चाटले, आणि दरबारावरून नजर फिरविली. पुसते झाले, “साखर कोणी खाल्ली?”

तेव्हा नारोशेट पुढे सरले आणि सर्व हकीकत सांगते झाले, की हा इसम पहिले मापटे लाभ म्हणोन आपल्या पदरात टाकतो आणि मोजणी दोनापासून धरतो. “विचारा त्याला, सरकार. ह्याच्या तोंडून ‘एक’ हा शब्द कधी निघालाच नाही. चार सालं केक बिघडतो तो ह्याच लाभापायी.” दरबारात कोलाहल उडाला. सुभानजीस आधी कळेनाच की आरोप काय आहे. मग कळले तेव्हा गादीपुढे येऊन हात जोडले. तो म्हणाला, “सरकार, माप लाभापासूनच सुरू होतं. दुसरं कशापासून होणार?” नारोशेट म्हणाले, “पाहा! कबूल करतो!” सरकारांनी हात वर केला आणि म्हणाले, “सुभानजी, आमच्यासमोर मोज. पहिलं मापटं भर आणि ‘एक’ म्हण. तेवढं म्हण, सोडून दिला.”

आता येथे मेख होती. बापाने मापटे हाती देतेवेळी सांगितले होते की राशीच्या तोंडी ‘एक’ म्हणो नये. एक म्हटले की रास एकटी पडते, घरची बरकत दाराबाहेर जाते. म्हणोन पहिल्यास लाभ म्हणावे, आणि मग दोन, तीन. पाच वर्षांचा होता तेव्हापासून सुभानजीने तो शब्द जिभेवर घेतला नव्हता, पायरी चढताना नाही, देवास फूल वाहताना नाही. आता लाभ म्हणजे काय हे सांगावयाचे तर तोच शब्द उच्चारला पाहिजे, आणि उच्चारला तर भर दरबारात, समोर आणविलेल्या राशीपुढे! त्याने मापटे भरले. ओठ हलले. काही निघाले नाही. मग त्यास युक्ती सुचली आणि त्याने बोट वर करून दाखविले. नारोशेट ओरडले, “बघा, आता वर बोट करून देवाला साक्षीला बोलावतोय!” सरकारांस वाटले, हा आपणास शाप देतो, आणि त्यांचा चेहरा लाल झाला. सुभानजीने बोट खाली घेतले. त्याच्या मनात आले, म्हणून टाकावे, एका शब्दाने वतन वाचते, लेकीचे लग्न होते, आणि डोळ्यांत पाणी उभे राहिले. तरी जीभ वळेना.

मग निवाडा झाला. मापटे तांबटाकडे मोडीत घालावे, वतन खालसा करावे, आणि सुभानजीस बिऱ्हाडासुद्धा वेशीबाहेर घालवावे. कारकुनाने जितकी माणसे लिहून दिली तितकीच वेशीवरच्या शिपायाने बाहेर सोडावीत, जास्ती कोणी निसटू नये, हा सरकारांचा नेहमीचा बंदोबस्त, म्हणोन कारकून पुसू लागला, “बायको?” “निवर्तली.” “मुलं किती?”

सुभानजी म्हणाला, “लाभ.”

नारोशेट हसले ते थांबेनात. “बघा, सरकार, ह्याच्या पोरांतही ह्याचा हिस्सा!” दरबारही हसू लागला. तेव्हा बयजाबाई, ज्यांनी लगदा आणल्यापासून तोंडास कुलूप लाविले होते, त्यांच्याने राहवेना. “हसता काय, मेल्यांनो! एकुलती एक पोर आहे त्याची. ती बघा, सगुणा, दाराशी उभी राहून रडतेय, आणि तुम्ही दात काढताय!”

सर्वांनी माना वळविल्या. दाराशी एकच मुलगी उभी होती. सरकारांनी तिजकडे पाहिले, मग सुभानजीकडे पाहिले. संशयी माणसास एवढे मात्र असते की नवा संशय आला म्हणजे जुना तो सोडून देतो. मग हळूच पुसते झाले, “सुभानजी, तुझ्या डोईला पागोटी किती?”

“लाभ, सरकार.”

“आभाळात सूर्य किती?”

“लाभ.”

“आणि ह्या गादीवर धनी किती?” ह्या प्रश्नास चुकीचे उत्तर दिले तर मानेशी गाठ.

“लाभ, सरकार,” सुभानजी म्हणाला. “लाभच असावा. दोन नसावेत.”

तेव्हा सरकारांच्या मिशीखाली काही हलले. ते नारोशेटांकडे वळले आणि म्हणाले, “शेटजी, परवा कनातीपलीकडे साखर किती मापटी पुकारली होती?” शेटजींनी पेटीकडे पाहिले, काट्याकडे पाहिले, आणि मान खाली घालून बोलते झाले, “लाभ, सरकार.” “आणि तू भट्टीला किती दिलीस?” त्यावर शेटजींनी रिते पारडे उचलून दाखविले.

मग कनात सोडविली. मैदा दोन मापट्यांचा, साखर लाभ मापट्याची, तूप व दही अर्धे अर्धे, सर्व पुन्हा जोखले, दोघांनी समोरासमोर बसून जोखले, आणि बयजाबाईंनी भट्टीत सारले. केक ऐसा आला की ताटाच्या काठावर मान काढून बसला. सरकारांनी पहिला तुकडा नारोशेटांस चारला आणि ते जिवंत आहेत ऐसे पाहून मग आपण खाल्ला. खुशी झाली. म्हणाले, “सुभानजी, एक वर माग.” सुभानजीने कानांवर हात ठेविले. “सरकार, तो शब्द म्हणू नये.” “बरं बाबा. लाभ वर माग.”

सर्वांस वाटले की मापटे मागून घेईल. सुभानजीने मापटे हाती घेतले, काठावरून अंगठा फिरविला, आणि ते शेटजींच्या काट्यापाशी नेऊन ठेविले. म्हणाला, “सरकार, काटा खोटा नाही. पागोट्याचं दोनदा पाहिलं मी. चाळल्या मैद्याचं आणि दबल्या मैद्याचं माप माझ्या हातानंही निराळंच भरत असणार, आणि मला ते इतक्या वर्षांत कळलं नाही. तेव्हा मापटं गेलं तरी चालेल, वतन राहावं की जावं ते धन्याच्या मर्जीवर. पण शेटजींनी पारड्यात पहिलं वजन ठेवताना लाभ म्हणावं. एवढं द्या.” सरकारांचे डोळे पुन्हा बारीक झाले. मापटे सोडून देतो, वतन मागत नाही, आणि नुसता शब्द मागतो? ह्यात काही तरी आहेच. पुसते झाले, “खरं सांग. ह्यात तुझा लाभ काय?”

सुभानजीने दाराकडे पाहिले. “ती उभी आहे, सरकार. उद्या तिला कोणी त्या शब्दानं मोजू नये, तिचीही मोजणी लाभानंच व्हावी.”

सरकारांनी मागितले ते आणखी काही न पुसता दिले, ऐसे त्यांच्या कारकिर्दीत तेव्हाच घडले.

तात्पर्य, वतन सुभानजीकडे राहिले, वजन काट्याचे झाले, आणि त्या कोठीत आजतागायत पहिले वजन पारड्यात पडते तेव्हा पुकारणारा ‘एक’ म्हणत नाही. केक दर साली सारखा येतो. सरकारांस आता त्याचाच संशय येतो. कलम थांबले, पाने लाभ-दोन जी भरली ती भरली.